मास्टर फौलादचं खरं मरण

आमच्या बिदरकडच्या चिटगुप्प्यात जित्याजागत्या माणसाला मेला म्हणून धरायची वेळ एकदाच आली, आणि ते मरण त्या गृहस्थानं पंचांपुढं उभं राहून स्वतःच्या तोंडानं मागून घेतलं. यात खोटं काही नाही. थोडं तिखटमीठ असेल, पण ते आमच्याकडं ताकातसुद्धा घालतात.

विरुपाक्ष हा लक्ष्मम्माचा एकुलता एक. घरचा तेलाचा घाणा. पोराला लहानपणापासून एकच विद्या अवगत होती, ती म्हणजे उंचावरून पडणं आणि न मोडणं. चिंचेवरून पडला, मठाच्या माडीवरून पडला. एकदा कोरड्या विहिरीत पडला, तर धूळ झटकत वर आला आणि त्याच्या आपटण्यानं विहिरीला पाणी लागलं. लोक म्हणायचे, या पोराच्या अंगात हाडंच नाहीत. लक्ष्मम्मा म्हणायची, "हाडं हायती. डोस्क्यात काय न्हाई, म्हणून हलका पडतोय."

अशा पोराचं काय करायचं, तर आपल्याकडं लग्न करतात. हेमावती सून म्हणून आली. तिच्या अंगावरची हळद उतरते न उतरते तोच मुंबईची कुठलीशी मूकपटवाली कंपनी बिदरच्या किल्ल्यात चित्र काढायला उतरली. तटावरून घोड्यासकट खंदकात उडी घ्यायची होती आणि त्यांचा नायक तटावर चढूनच घामाघूम झाला होता. विरुपाक्ष बघ्यांत उभा होता. तो पुढं झाला, घोड्यावर बसला आणि खाली गेला. घोडं लंगडं झालं, विरुपाक्षाला काही झालं नाही. कंपनीनं घोडं बिदरला ठेवलं आणि विरुपाक्षाला मुंबईला नेलं. माझ्या मते अदलाबदल झाली.

मुंबईत त्याचं नाव मास्टर फौलाद झालं. अंगाला तेल, कमरेला तलवार, हातात चाबूक आणि खाली शहजादा नावाचा पांढरा घोडा. त्याची चित्रं तंबूतून आमच्याकडं यायची. तेव्हा चित्र मुकं असायचं आणि पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगायचं काम माझ्याकडं होतं: एकदा मराठीत, एकदा कानडीत आणि पुढं खुर्ची टाकून बसलेल्या जमादारासाठी एकदा दखनीत. फौलादच्या चित्रात सांगण्यासारखं काही नसायचं. 'आता मारतोय' आणि 'अजून मारायलाच लागलाय' एवढ्यावर तिन्ही भाषांत अख्खा खेळ निघायचा. शेवटी दुष्ट माणसं त्याच्या गळ्यात फास अडकवायची, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून शहजादा दौडत यायचा, दातानं दोर तोडायचा आणि फौलाद पुन्हा मारायला लागायचा. घाण्याचा बैल आणि फौलादचं चित्र, दोन्ही तिथल्या तिथंच फिरतात. बैलाच्या फिरण्यातून तेल तरी निघतं.

इकडं घाणा कोण चालवणार? सासरा दमेकरी. हेमावतीनं पदर खोचला आणि बैलामागं उभी राहिली. शेजारी काशप्पाचा घाणा होता. काशप्पा विधुर, बोलायला मंद, आणि बोललाच तर बैलाशी. पण हेमावतीच्या घाण्यात फिरणारी लाकडी लाट झिजली की नवी लाट तासून तोच बसवायचा. सासरा गेला तेव्हा मुंबईला तार केली. उत्तर आलं की फौलाद सध्या घोड्यावर आहेत, उतरल्यावर कळवू. लिंगायतांत मयताला बसवून पुरतात. बापाला खड्ड्यात बसवायला मुलाचे हात हवे होते, तिथं काशप्पाचे लागले. लक्ष्मम्मानं त्या दिवसापासून मुलाचं नाव घेणं सोडलं आणि काशप्पाला भाकरी वाढणं सुरू केलं.

पुढं काय झालं हे गावाला दिसत होतं. काशप्पा बैलाशी बोलता बोलता हेमावतीशी बोलायला लागला. आमच्याकडं विधवेची उडकी होते. नवी साडी नेसवायची, अय्यांच्या, म्हणजे मठातल्या जंगम पुरोहितांच्या, साक्षीनं ओटी भरायची, बाई नव्या घरी जाते. कुणी नाक मुरडत नाही. नवरा जिवंत असेल तर त्यानं पंचांपुढं काडी मोडून बायकोला मोकळं करायचं. हेमावतीचं दुर्दैव हे की नवरा जिवंतही होता आणि काडी मोडायला येतही नव्हता. पंचांनी निरोप धाडला, तर त्यानं स्वतःची तसबीर पाठवली. तसबिरीत फौलादचा एक पाय सिंहाच्या डोक्यावर होता आणि सिंहाच्या पोटातून भुसा बाहेर आला होता.

"ही बाईल सोडायची कबुली हाय का?" पंचांतले मुख्य शंकरप्पा गौडा म्हणाले.

"सिंव्ह बी याला सोडून जायलाय, गौडा," लक्ष्मम्मा म्हणाली. "भुसा सांडत जायलाय."

मधे एकदाच तो आला. बिदरहून भाड्याच्या मोटारीतून, छातीवर पदकं लावून. बाजारात लोक जमले. तिप्पण्णा न्हावी दाढी करता करता म्हणाला, "इरुपाक्षअण्णा, खरं सांगा, त्या उड्या तुमी घेता का तुमचे कपडे घालून दुसरा कोण घेतोय? मुंबईत तसले भाड्यानं मिळत्यात म्हणं."

फौलाद अर्धी दाढी तशीच ठेवून उठला. तडक मठात गेला, शंकरप्पा गौडांना बोलावलं, अय्यांना बोलावलं, आणि सगळ्या बाजारापुढं गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन बोलला, "पडद्यावर मी जे करतो ते खरं करतो. मार खरा, उडी खरी, जखम खरी. आजवर दिसलं ते खरं, पुढं दिसेल तेही खरं. यात खोटं निघालं तर हे लिंग माझ्या गळ्यात राहू नये."

लिंगावर हात ठेवून बोललेलं आमच्याकडं फिरवता येत नाही. सख्ख्या भावांच्या बांधाची भांडणं त्यावर मिटतात. आणि या शहाण्यानं तो हात कशासाठी ठेवला, तर न्हाव्याच्या एका बोलासाठी.

हेमावती मठाच्या दाराशी उभी होती. ती पुढं आली आणि म्हणाली, "समदे जमल्यातच, तर काडी बी मोडून टाका."

फौलाद हसला. त्याला हसायचं एकच येत होतं, चाबूक उगारायच्या आधीचं. "फौलादची बायको दुसऱ्याच्या घाण्यावर बसली, तर फौलादचं चित्र बघायला कोण येईल? मी कधी हरत नाही, बाई." एवढं बोलून तो उरलेली अर्धी दाढी करायला गेला. त्या भेटीत बायकोपेक्षा न्हाव्याच्या वाट्याला तो जास्त आला.

मग बोलपट आले. फौलादला तोंड उघडावं लागलं आणि आत काय आहे ते देशाला कळलं. बुधलीतून तेल ओतताना होतो तसा आवाज. तरी शहजादाच्या जोरावर गाडी चालली होती. पण मुंबईच्या एका वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं की मास्टर फौलाद आणि त्याचा घोडा यांच्या चेहऱ्यावर कायम एकच भाव असतो, मात्र घोड्याचा जास्त बोलका आहे.

हे त्याच्या फार जिव्हारी लागलं म्हणतात. त्यानं घोड्याशी बोलणं टाकलं. कंपनीच्या मालकाला जाऊन म्हणाला, "मला वजनदार भूमिका पाहिजे. मारामारी नको, घोडा नको. मला गुन्हेगाराच्या काळजातलं दुःख दाखवायचंय."

मालक म्हणाला, "दाखवाल हो, पण ते बघेल कोण?"

फौलादनं ऐकलं नाही. चित्र निघालं. नाव 'खुनी मुनीम उर्फ दोरीचा शेवटचा पीळ'. त्यात फौलाद मुनीम झाला होता. सुरुवातीलाच शेटजीचा गळा दाबतो आणि मग शेवटपर्यंत पस्तावतो. पस्तावा जमावा म्हणून म्हणे तो आरशासमोर बसून दुःखी व्हायची तालीम करायचा, इतकी की शेवटी आरशाला बुरशी आली. मुंबईत लोकांनी पडद्यावर मोसंब्या फेकल्या. पुण्यात तर सालंही फेकली नाहीत, लोक नुसते उठून गेले. एका पत्रात छापून आलं की फौलादच्या दुःखाऐवजी पडद्यावर एखादा खांब उभा केला असता तर निदान तंबूला आधार झाला असता.

असं ते सगळीकडून हाकललेलं चित्र भटकत भटकत चिटगुप्प्याला आलं. सकाळी बैलगाडीला फलक बांधून तंबूवाला विरुपाक्षाच्याच दारावरून ओरडत चालला होता, "आओ, देखो, फौलादको असली फाशी. आजपर्यंत कधी मेला न्हाई, ह्या खेपेला मरणार."

हेमावतीनं घाण्याचा बैल थांबवला.

"फाशी खरीच का, अण्णा?" तिनं विचारलं.

"एकदम असली, अक्का. गळ्यात दोर, पायाखालची फळी गायब, खलास."

"घोडा येतोय की."

"ह्या खेपेला घोडाच न्हाई."

हेमावती जरा वेळ बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. पलीकडून काशप्पा म्हणाला, "बैल कामून थांबवलास? घाणी कोरडी व्हायलीय."

"होऊ दे," ती म्हणाली आणि घरात जाऊन सासूच्या शेजारी बसली. दोघी काय कुजबुजल्या ते कुणाला माहीत नाही, पण त्या दिवशी लक्ष्मम्मा कित्येक वर्षांनी मोठ्यानं हसलेली शेजारणींनी ऐकली.

तंबू गच्च भरला होता. चित्र सुरू झालं. फौलादनं शेटजीचा गळा दाबला, तिथपर्यंत लोक खूश होते. पुढं दोन शिपाई पकडायला आले आणि ज्या माणसानं आजवर फौजा लोळवल्या त्यानं मुकाट हात पुढं केले. तंबूत गदारोळ झाला.

"दोघंच हायती की रे," तिप्पण्णा न्हावी ओरडला. "तुझ्या न्याहारीला बी पुरायचे न्हाईत."

"कामून उभा राह्यलाय बुजगावण्यावानी? हाण की."

फौलाद हाणेना. तो कोर्टात रडला. फौलादचं रडणं म्हणजे शिंक अडकलेल्या माणसाची धडपड. काशप्पा पुरुषांच्या बाजूला बसला होता, त्याची मान छातीवर पडली. मग फाशीचा तख्ता आला. गळ्यात दोर आला. सगळा तंबू पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडं बघायला लागला. त्या कोपऱ्यातून शहजादा आला नाही असं कधी झालंच नव्हतं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, जमादारानं खुर्चीवरून उठून घोड्याला दखनीत हाक मारली. घोडा आला नाही. फळी सरकली. फौलादच्या एका पायातली चप्पल गळून पडली आणि पडद्यावर 'समाप्त' आलं.

तिप्पण्णा शिव्या द्यायला तोंड उघडणार, इतक्यात बायकांच्या बाजूनं लक्ष्मम्माचा हंबरडा आला. "गेला गं माझा इरुपाक्ष."

तंबूवाला धावत आला. "अव्वा, अव्वा, ते सोंग हाय. तुमचा लेक मुंबईत मजेत जेवायला बसला असंल."

लक्ष्मम्मानं डोळे पुसले. "सोंग म्हणतोस? माझ्या लेकानं मठात लिंग हातात घिऊन सांगितलंय की पडद्यावर दिसंल ते खरं. तू माझ्या लेकाला खोटं पाडायलास? गौडा, तुमीच सांगा."

शंकरप्पा गौडा पुढच्या रांगेत होते. शपथ त्यांच्यासमोरच झाली होती. त्यांनी लक्ष्मम्माकडं बघितलं. मग हेमावतीकडं बघितलं. ती मान खाली घालून गळ्यातलं मंगळसूत्र सोडत होती. गौडा चटकन समजणारा माणूस. ते उठले, डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला आणि म्हणाले, "लई वाईट झालं. भरल्या तंबूत, समद्यांच्या डोळ्यादेखत गेला."

हेमावतीनं बांगड्या फोडल्या. जंगमांना जेवू घातलं. एकानं शंका काढली की एकदा मुंबईला पत्र टाकून विचारावं, तर गौडा म्हणाले, "मेलेल्याला पत्र कोण टाकतंय?" कुणी म्हणालं, प्रेत कुठं आहे. गौडा म्हणाले, "ते डब्यात घालून तंबूवाला पुढच्या गावाला घिऊन गेला." गावातल्या शहाण्यांना सगळं कळत होतं, आणि कळूनही ते गप्प होते. फौलादला खोटं ठरवावं तर लिंगाची शपथ मोडल्याचं पाप गावात शिरतं. खरं ठरवलं तर तो मेलेला. दुसऱ्यातच सगळ्यांची सोय होती. शोक संपला, रीत संपली, आणि उडकीचा दिवस ठरला.

इकडं तंबूवाल्यानं कंपनीला कळवलं होतं की चिटगुप्प्यात फौलादचं मरण बघून खरंखुरं सुतक पाळलं गेलं. मालकानं ते फौलादला वाचून दाखवलं आणि हसून हसून त्याची पगडी पडली. फौलाद हसला नाही. त्याच संध्याकाळी गाडीत बसला.

उडकीच्या दिवशी सकाळी मठाच्या कट्ट्यावर माणसं जमली होती. हेमावतीची नवी साडी सुपात तयार होती. काशप्पा धुतलेल्या धोतरात बसून घाम पुसत होता. तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला आणि मास्टर फौलाद उतरला. लोक दोन्हीकडं सरले, तिरडीला वाट देतात तसे. तिप्पण्णानं हात जोडले.

"हा काय तमाशा आहे?" फौलाद म्हणाला. "मी जिवंत आहे."

"बस," शंकरप्पा गौडा म्हणाले. "आदी एक सांग. मठात लिंग हातात घिऊन बोलला व्हतास, ते खरं का खोटं?"

"खरं."

"पडद्यावर दिसंल ते खरं?"

"खरं."

"मग तू आमच्या डोळ्यादेखत फासावर गेलास, ते?"

फौलाद अडखळला. "फक्त तेवढं... म्हणजे उड्या सगळ्या खऱ्या. मार खरा. फाशी तेवढी..."

"म्हंजी फाशी नीट जमली न्हाई म्हण की."

"जमली." फौलादचा आवाज चढला. "जमली कशी नाही? तुम्हाला त्यातलं काय कळतंय, गौडा?"

"मला काय कळायचं? मी बघणारा माणूस. तू म्हण सोंग व्हतं, म्हंजी झालं. मग लिंग उतरव, ही बाई तुझी, घिऊन जा. उड्या बी खोट्या व्हत्या म्हणून मी दवंडी पिटवतो. न्हाईतर म्हण खरं व्हतं. मग तू मेलास. तिसरी वाट मला दिसंना."

फौलाद भोवती बघायला लागला. चित्रात अशा वेळी तो झुंबराला लटकायचा. मठात झुंबर नव्हतं.

तेव्हा हेमावती उठली. ती त्याच्याकडं न बघता गौडांकडं बघून बोलली. "गौडा, मी एक बोलते. त्येंच्या उड्या मी बगितल्या, मारामाऱ्या बगितल्या. मला कवा खरं वाटलं न्हाई. तंबूत बसून शेंगा खाल्ल्या. पर ह्या खेपेला त्येंच्या पायातली चप्पल गळली, तवा शेंग माझ्या हातातच ऱ्हायली. मामंजी माझ्या मांडीवर गेले. त्येंचं मरण बी मला एवढं खरं वाटलं न्हवतं. आता ते सोंग व्हतं म्हणत असतील, तर मी कुंकू लावते आन् मुकाट घरला जाते."

फौलादनं मान वळवली. लग्नानंतर बायकोकडं त्यानं नीट बघितलं असेल तर ते त्या दिवशी.

"शेंग हातातच राहिली?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"चप्पल गळली तेव्हा?"

"तवाच."

"ती चप्पल मी मुद्दाम सैल ठेवली होती," फौलाद हळूच म्हणाला. "मुंबईत एकाच्याही ध्यानात आलं नाही. कुणी लिहिलं नाही. तू रडलीस?"

"बांगड्या फोडल्या."

त्याच्या छातीवरची पदकं वर आली. मला वाटलं झालं, आता मरण खरं होतं म्हणेल. पण त्याच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकदम मावत नव्हत्या. बायको जाणार हे आत शिरलं की मरण जमलं हे बाहेर पडायचं. शेवटी म्हणाला, "बायकांचं काय, बायका कशालाही रडतात. कुणी पुरुष काय म्हणतो ते बघू." आणि कट्ट्यावर बघून त्याचं बोट नेमकं काशप्पावर थांबलं. "हा होता तंबूत? याला विचारा."

लक्ष्मम्मानं डोळे मिटून घेतले. काशप्पाला खोटं बोलता येत नाही हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. गिऱ्हाईकानं विचारलं तर तो स्वतःच्या तेलातला गाळ आधी दाखवायचा.

"बोल, काशप्पा," गौडा म्हणाले.

काशप्पा उभा राहिला. "मी खरं सांगतो, गौडा. मला झोप लागली व्हती."

कट्ट्यावर कुणीतरी फसकन हसलं. हेमावतीनं पदर तोंडात धरला.

"कवा?"

"ह्यो कोर्टात रडायला लागला तवा. पडद्यावर फळी सरकल्याचा आवाज झाला म्हणून जाग आली. बगतो तर ह्यो दोराला लोंबायला लागलेला. मला वाटलं पंचमीचा झोका खेळायलाय."

सगळा मठ हसला. अय्या हसले. सुपातल्या साडीकडं हेमावतीनं असं बघितलं, जणू ती साडी आता परत दुकानात जाणार होती.

आणि फौलाद उसळला.

"झोका?" तो म्हणाला. "अरे, झोका? मी तिथं मेलो. मानेची शीर न् शीर दाखवली. श्वास सुटतो कसा, डोळा थिजतो कसा, ते वर्षभर शिकलो. मी जीव ओतून मेलोय तिथं, आणि हा तेली म्हणतो झोका."

"काय म्हणालास?" शंकरप्पा गौडा पुढं झुकले.

"मेलो म्हणालो."

"सोंग न्हवतं?"

"ज्याला ते सोंग वाटलं तो बैल. आणि मुंबईवालेही बैल."

"लिंगाला हात लावून म्हणतोस?"

फौलादनं गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं. काशप्पाकडं बघत, एकेक शब्द चावत तो म्हणाला, "लिंगाला हात लावून सांगतो. ते मरण खरं होतं."

गौडांनी रुमाल डोक्याला गुंडाळला. "ऐकलं समद्यांनी. साडी आणा."

साडी आणली. अय्यांनी विभूती लावली, ओटी भरली. फौलाद मधे उभा होता आणि अजून काशप्पाला श्वास कसा सुटतो ते समजावत होता. हेमावती नव्या साडीत बाहेर आली तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"थांबा. मरण खरं होतं. पण आता मी आलोय ना परत. मला जिवंत धरा."

"धरू की," गौडा म्हणाले. "त्याला बी रीत हाय. मयताच्या रीती झालेला माणूस परत आला तर त्यानं नव्यानं जल्मायचं. पाळण्यात निजायचं, बायका पाळणा म्हणतील, कानात कुर्र करून नाव ठेवतील. पाळणा जरा मोठा लागंल, त्यो सुताराकडनं घेऊ. पर तान्ह्या लेकराला बायको नसती, इरुपाक्ष. ती तुला नव्यानं मोठं होऊन करावी लागंल."

"आन् मी काय परत बाळंत व्हणार न्हाई," लक्ष्मम्मा म्हणाली. "एकदा झाले, तेवढ्यात हौस फिटली. पोटात व्हता तवा बी लाथाच मारायचा."

मास्टर फौलादनं चाबूक शोधायला कमरेला हात घातला. तिथं घड्याळाची साखळी होती. तो मोटारीकडं वळला. ऊन चढलं होतं आणि त्याची पदकं अशी तापली होती की कोटातून धूर निघत होता.

मागून हाक आली. "इरुपाक्षअण्णा."

हेमावती होती. इतक्या वर्षांत तिनं त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. नवऱ्याचं नाव बाई घेत नाही. आता तिनं ते घेतलं, आणि वर अण्णा लावला. "इरुपाक्षअण्णा, उन्हाचं जाऊ नगा. ताक पिऊन जावा."

"मेलेल्याला ताक कामून?" लक्ष्मम्मा म्हणाली.

"वाटसरू म्हणून देते, अव्वा."

त्यानं ताक संपवलं. भांडं परत देताना विचारलं, "ती चप्पल... खरंच ध्यानात आली होती?"

"कंची चप्पल?" हेमावती म्हणाली आणि काशप्पाच्या मागं चालू लागली.

मुंबईला गेल्यावर त्यानं म्हणे फलक छापून घेतले: 'ज्याचं मरण पंचांनी मान्य केलं तो महान नट.' चित्र तरीही चाललं नाही. दिवाळीच्या आत तो शहजादाची माफी मागून पुन्हा घोड्यावर बसला, आणि पुढच्या जत्रेला त्याचं नवं चित्र आमच्या तंबूत आलं. फास पडला, डाव्या कोपऱ्यातून घोडा आला, दोर तुटला, लोकांनी शिट्ट्यांनी कनात फाडली. हेमावती पोट सावरत बसली होती, हातात शेंगा. काशप्पा त्या वेळी जागा होता.

"ह्यो तर जित्ता हाय की, अव्वा," तो म्हणाला.

"गप बस," लक्ष्मम्मा म्हणाली. "भूत हाय ते. जित्ता व्हता तवा शेवटच्या खेपेला गळ्यातला दोर बी धड तोडून घेता आला न्हाई."